जॉबरच्या नावाची सक्तमजुरी

सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यात आमच्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अकलेवर एक प्रकरण हवंच. तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत गिरणीतली पोरं पकडली गेली की खोटं नाव सांगायची. खरं कळलं तर नोकरी जायची. कुणी देवाचं नाव सांगे, कुणी मेलेल्या चुलत्याचं. अप्पांनी काय सांगावं? आपल्या खात्यावरच्या जॉबरचं, बापाच्या नावासकट! हा जॉबर म्हणजे मजुरांचा मुकादम आणि साहेबाचा चुगलखोर. "म्हटलं, सरकारदरबारी त्याचं तोंड काळं होऊ दे," असं सांगत अप्पा पुढं चाळीस वर्षं पोट धरून हसले. सहा महिने सक्तमजुरी मात्र स्वतः भोगून आले.

बहात्तरच्या सुमाराला सरकारला स्वातंत्र्यसैनिकांची आठवण झाली. ताम्रपट निघाले, सत्कार सुरू झाले. आमच्या पेठेत तर एकाएकी इतके देशभक्त निघाले, की इंग्रज एवढे दिवस टिकला कसा याचंच मला नवल वाटे. अप्पांनी जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, पण हा ताम्रपट त्यांना हवाच होता. "भिताडावर लावू की. नातवंडांनी माझं नाव वाचलं पायजे," म्हणायचे.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. अर्ज मीच लिहिला आणि अप्पांना घेऊन कचेरीत गेले. कारकुनानं तुरुंगाची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नाव नाही. अप्पांनी मोठ्या ऐटीत आपला तो विनोद सांगितला. कारकून हसला नाही. म्हणाला, "मग ज्याचं नाव आहे त्याच्याकडून लिहून आणा, की तो कधी तुरुंगात गेला नाही म्हणून."

तसा कागद लिहून घेऊन गेलो जॉबरकडं. म्हातारा आता खादीचं जाकीट घालत होता. कागद त्यानं दोनदा वाचला, आम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच. उद्या सही करून धाडतो."

"अप्पा, कागद ठेवू नका," मी म्हटलं.

"अगं, लई वर्सांची वळख हाय. न्हाय म्हनायचा न्हाय त्यो."

धन्य ते अप्पा! कागद काही आला नाही. त्या पावसाळ्यानंतर सत्कार झाला आणि ताम्रपट मिळाला जॉबरला. यादीतलं नाव, बापाचं नाव, गिरणी, सगळं जुळत होतं. सरकार तरी काय करणार बिचारं!

अप्पा हट्टानं सत्काराला गेले, पहिल्या रांगेत बसले. आज हे उठून त्याचा पाणउतारा करणार, अशी माझी खात्री होती. मीही पदर खोचून तयार होते.

तुरुंगातल्या आठवणी सांगा, असं अध्यक्ष म्हणाले आणि जॉबर माईकसमोर आला. मग खाली वाकून त्यानं हळूच अप्पांना विचारलं, "काय काम द्यायचे रं तितं?"

अप्पा उठले. गिरणीत त्याच्यापुढं उभे राहायचे तसेच, हात बांधून.

"दळन दळाया लावायचे, साहेब. हाताला फोड यायचे."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. जॉबरनं ते माईकवर जसंच्या तसं सांगितलं, फोडांसकट. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी अप्पांची होती.