विहीणबाईंची सुपारीची वाटी

उतारवयात लेखणी धरणाऱ्याने थेट आपल्या व्याह्यांविषयी लिहावे, हे धाडसच आहे. वाचकांनी, आणि विशेषतः विहीणबाईंनी, क्षमा करावी. परंतु मुलुंडमधील काचेचे एकही भांडे आमच्या व्याह्यांच्या नजरेतून सुटलेले नाही, हे कोणीतरी लिहून ठेवायलाच हवे.

आमच्याकडे घाटकोपरला आले की सरबताचा पेला ते आधी खिडकीशी धरतात. रंग काचेच्या अंगचा की वरून चढवलेला, हे कळल्याखेरीज त्यांच्या घशाखाली घोट उतरत नाही. फुलदाणीवरच्या सोनेरी वेलीवरून ते हळूच नख फिरवतात. वेल नखाला लागली तर हाताने रंगवलेली, एरवी ‘छापील’. मुलांच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी काचेची गुलाबदाणी उपडी केली. सारे गुलाबपाणी माझ्या झब्ब्यावर. “फुंकून घडवलीय,” ते समाधानाने म्हणाले, “साच्यातली असती तर कडेला शिवण दिसली असती.”

गेल्या वर्षी त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याचे घर लहान, आणि काचेचे कपाट मोठे. सामान बांधायला मीही गेलो होतो.

“अहो, यातलं एक तरी भांडं खरं आहे का?” विहीणबाई म्हणाल्या. “दाखवा सिद्ध करून. नाहीतर कपाट भंगारवाल्याला.”

व्याह्यांनी आपला लाडका पोपटी वाडगा काढला. “याच्या काचेत रंगासाठी युरेनियम घातलंय. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली बघ कसा पेटून उठतो.”

त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयांनी, आपल्या दुकानातला तसला दिवा आणला. पडदे ओढले. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. वाडगा ढिम्म.

“पेटला का हो?” विहीणबाईंनी विचारले. “मला तर फक्त तुमचं पडलेलं तोंड दिसतंय.”

दिवा हातात तसाच धरून व्याही वळले, आणि देवघराच्या फळीवर काहीतरी हिरवेगार झळाळून उठले. विहीणबाईंची माहेरची काचेची वाटी! संसारभर ती सुपारीने गच्च भरलेली. खिडकीशी धरायला ती कधी रिकामी सापडलीच नव्हती.

“अगं, हेच ते,” व्याही पुटपुटले. “आईंनी काय दिलं होतं तुला!”

“माझ्या माहेरचं काही खोटं नसतंच,” विहीणबाई म्हणाल्या.

सामानाच्या टेम्पोत कपाट सर्वांत आधी चढले, फ्रिज मागाहून.

आता ती वाटी वरच्या खणात असते आणि किल्ली विहीणबाईंच्या कमरेला. माझी मुलगी सांगते, अधूनमधून दुपारी दोघे पडदे ओढून, दिवा लावून, न भांडता वाटीसमोर बसतात. सुपारी मात्र तेव्हापासून प्लास्टिकच्या डबीत गेली आहे.

तुमच्याकडे सुपारी कशात ठेवतात?