डावा डोळा पास कसा झाला

माझ्या थोरल्या जाऊबाई पडदे शिवतात. शिवण सरळ, स्वभावही सरळ. पण मागे त्यांचा डावा खांदा सारखा दाराच्या चौकटीला आपटायला लागला, चहा कपाऐवजी बशीत पडायला लागला. दीर म्हणायचे, "वेंधळी झालीये नुसती. लक्ष नसतं हिचं." लक्ष नसतं म्हणे! यांच्या शर्टाची बटणं काय आपोआप लागत होती?

शेवटी दिरांनी त्यांना कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. मीही गेले होते. दुकानदाराने भिंतीवरचा तक्ता आधी उजव्या डोळ्याने वाचायला लावला, मग तोच तक्ता डाव्याने. दोन्ही वेळा जाऊबाईंनी खडाखडा वाचला. "डोळे फर्स्टक्लास," म्हणत त्याने वर एक सोनेरी फ्रेम गळ्यात मारली. मग काय, दिरांना हत्यारच मिळालं. कप कलंडला की, "डोळे फर्स्टक्लास आहेत हं."

एक दिवस मशीनची सुई जाऊबाईंच्या बोटात घुसली. मी म्हटलं, आता पुरे. दवाखान्यातल्या नर्सला विचारून एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंचा पत्ता काढला. दीर म्हणाले, "म्हणजे दुसरा चष्मेवालाच ना?" मी पायात चपला सरकवल्या.

तिथेही उजव्या डोळ्याने वाचन झालं. डाव्याची पाळी आली तेव्हा बाईंनी गुपचूप तक्ता बदलला. जाऊबाई आधीचीच अक्षरं म्हणत राहिल्या.

"मावशी, ही अक्षरं आता समोर नाहीत."

जाऊबाईंची मान खाली गेली. "पाठ झाली होती. स्तोत्रं दोनदा ऐकली की पाठ होतात मला. आणि चारचौघांत नापास कसं व्हायचं?"

"इथे कुणी नापास होत नाही. दिसत नाही तेच मला कळायला हवंय."

मग त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, भिंगातून आतली नस पाहिली. "चष्म्याचा नंबर मी काढते, डोळा आतून तपासते. औषध आणि ऑपरेशन डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम. आजच जा, मला काचबिंदूची शंका आहे. डाव्याचं गेलेलं परत येणार नाही. उजवा वाचवायचाय."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. थेंब सुरू झाले, उजवा डोळा टिकला. मी देवापुढे हात जोडले, पण राग तसाच राहिला. देवाने दिलेला डोळा घरादारासमोर विझला, आणि आम्ही त्याला वेंधळेपणा म्हणत बसलो.

परवा पाहुण्यांसमोर दीर म्हणाले, "मीच म्हटलं, डोळे दाखव."

पडद्याच्या उरलेल्या कापडाची पट्टी जाऊबाईंनी दिरांच्या डाव्या डोळ्यावर बांधली आणि किटली हातात दिली. "ओता."

चहा बशीत गेला, तिथून पाहुण्यांच्या पायावर.

"लक्ष नसतं तुमचं," जाऊबाई म्हणाल्या, आणि थेंबांची बाटली शोधायला आत गेल्या.