विहित नमुन्यात न बसणारी

साडीवरूनच बेंबीखाली दोन बोटं ठेवायची आणि घाबरलेल्या बाईला म्हणायची, "हे बघ, माझं ऑपरेशन इथं झालंय. तेविसाव्या वर्षी. मी उभी हाय का न्हाई तुझ्यासमोर? मग तुला कावून भ्या वाटतंय?"

युसूफ वडगावच्या बाजूच्या एका गावात ती आशा कार्यकर्ती होती आणि मी तिथल्या उपकेंद्राची नर्स. कुटुंब नियोजनाच्या शिबिराला तिच्याइतक्या बायका कोणी आणत नसे. मला याद्या लागतात: लसीकरणाची, गरोदर मातांची, राहून गेलेल्यांची. ती चिडवायची, "शिष्टर, यम आला तर तुमी त्याचीबी सही घेताल."

शिबिराहून परतताना ती जीपमध्ये कधी पुढे बसली नाही. मागे, ऑपरेशन झालेल्या बायकांत बसून प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडायची, "हळू रे मुडद्या! टाके पडलेल्या बाया हायत, ऊस न्हाई!"

चौतिसाव्या वर्षी तिची पाळी हुकायला लागली. तीन-तीन महिने नाही, मग एकदम अंगावरून जायचं. बसल्या जागी चेहरा लाल व्हायचा, घामाने ब्लाउज भिजायचा. एके दिवशी तिने प्रशिक्षणाचा तक्ता माझ्या टेबलावर उलगडला.

"शिष्टर, ही नळी अन् हे अंडाशय. चिकटूनच हायत. नळी बांधली तर ह्याचं रगत कमी होत आसंल का?"

"काही होत नाही. वयाने होतं," मी वहीतून मान वर न करता म्हणाले.

"चौतीस वय हाय माझं. माझ्या सासूची आजून चालू हाय."

मासिक बैठकीत तिने हेच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारलं. "तुला एमबीबीएसला घालायचं का?" ते म्हणाले. तुम्ही अशा बैठकांना बसला असाल तर ठाऊक असेल, साहेब हसले की सगळे हसतात. मीही हसले.

खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. नळ्या बांधल्याने बहुतेक बायकांच्या अंडाशयाचं काम बिघडत नाही. पण शेजारच्या रक्तवाहिन्यांना इजा झाली तर काहींना त्रास होतो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, म्हणून तुझी तपासणी करू. एवढंच. तेवढं बोलायला आमच्यापैकी कोणाचं काय जात होतं?

मग तिने स्वतः शिबिराला नेलेल्या बायकांची घरं पालथी घातली. वहीत नाव, ऑपरेशनचं साल, पाळी कशी. बहुतेकींचं ठीक होतं, तेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं. काहींचं नव्हतं. ती पानं मी अहवालाला जोडून पाठवली. शेरा मारून परत आली: विहित नमुन्यात नाही. किती ऑपरेशनं झाली याला आमच्याकडे रकाना आहे. पुढे त्या बाईचं काय झालं याला नाही.

दरम्यान नवऱ्याने तिला शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. पिशवी खराब आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका, असं तिथे सांगितलं. ती मला विचारायला आली. मार्चअखेर होती, मी आकडे जुळवत होते.

"डॉक्टर सांगतायत तर काढून टाक," मी म्हणाले. "कटकट जाईल."

त्या दवाखान्यात एक पद्धत आहे. काढलेलं सगळं ट्रेमध्ये घालून बाहेर नवऱ्याला दाखवतात. जिचं असतं ती आत गुंगीत. आठव्या दिवशी मी टाके बघायला गेले तेव्हा ती बाजेवरून नवऱ्याची उलटतपासणी घेत होती.

"पिशवी केवढी व्हती?"

"मुठीएवढी आसंल."

"अन् बाजूला? बदामासारखं, दोन?"

"व्हते की दोन. डॉक्टर म्हनले, सगळंच साफ केलं. परत ताप न्हाई."

ती रडली नाही. माझ्याकडे वळली. "अंडाशय नीट चालतेत का, एवढंच इचारलं व्हतं म्या. यांनी ती काढूनच टाकली."

मी कागद वाचले. गर्भाशय काढण्याला संमती, खाली नवऱ्याची सही. अंडाशयांचा उल्लेखही नव्हता. चौतीस वर्षांच्या बाईची पाळी एका दुपारीत कायमची संपवली. पुढे तिची हाडं ठिसूळ होतील, हृदयाचं काय होईल, हे कोणी तिला सांगितलं नाही. मी तालुक्याला लेखी तक्रार केली. उत्तर आलं, नवऱ्याची सही आहे.

तिने आशाचं काम सोडलं. "जिला ऑपरेशन करायचंय तिनं खुशाल करावं," म्हणाली. "पर 'काय होत न्हाई' हे माझ्या तोंडातून आता निघत न्हाई."

दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली. मी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ट्रॅक्टरपाशी गेले. थंडी चांगलीच होती, ट्रॉलीतले सगळे शाली पांघरून बसले होते. ही एकटी उभी, पदराने वारा घेत.

"लई गरमी हाय बाईला!" शेजारची म्हणाली आणि ट्रॉलीभर हशा पिकला.

ती हसली नाही. गोळ्यांची पट्टी उलटी करून मागचं बारीक छापील वाचायला लागली. मग म्हणाली, "यानं काय काय होतं, ते सांगा. सगळं सांगा."

मी सांगू लागले. ट्रॅक्टर सुरू झाला. मी चाकांबरोबर चालत, मग धावत, ओरडून सांगत होते. ती कानामागे हात धरून ट्रॉलीच्या कडेला वाकली होती, आणि तिला एक शब्दही ऐकू जात नव्हता.