पिंपरीच्या पाळणाघरातली बोलकी तान्ही

पाळणाघरात नोकरी केली की किस्से साठतातच. तान्ही मुलं बोलत नाहीत म्हणे. आमची दिवसभर बोलायची, फक्त शब्द वापरायची नाहीत! एकोणीसशे पन्नास साल उलटलं होतं. पिंपरीत नवा कारखाना निघाला होता आणि तिथं कामाला येणाऱ्या बायकांची मुलं मी आणि कुरुळीच्या अनसूयाबाई सांभाळायचो.

*

कारखान्यात कामाला येणाऱ्या चंद्राची तान्ही कमळी सुरुवातीला झोपेचना. अनसूयाबाईंनी चंद्राचं अंगावरून उतरवलेलं लुगडं मागवलं आणि पाळण्यात अंथरलं. कमळीनं त्यात नाक खुपसलं अन् डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी साऱ्या आया काखेत बोचकी घेऊन हजर. वॉचमन मला विचारतो, "बाई, आत परटाचं दुकान काढलं का?"

*

मॅनेजरसाहेब भारी कडक. तपासणीला आले, तर एक पोर त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहून हळूच जीभ काढली. थोड्या वेळानं पोरानंही काढली. मग काय, कार्यक्रम भोंगा होईपर्यंत रंगला.

जाताना साहेब गंभीरपणे म्हणाले, "मुलगा हुशार आहे. लगेच शिकला."

अनसूयाबाई पुटपुटल्या, "कोण कुणाला शिकवत हुतं, द्येवाला ठावं."

*

कमळी रांगायला लागली. चंद्रा दूध पाजायला आली, तरी ही आपली खेळण्यात दंग. "आता तुमचीच झाली ही," चंद्रा फुरंगटून म्हणाली.

तेवढ्यात कमळी आपटली. मी जवळच होते, हात पसरले. ती रडत रडत मला वळसा घालून आईकडे गेली.

"अगं, तिला लागलंय आणि तू हसतेस काय?"

"बाई, वळसा घातला तुमाला!"

*

बाळूची आई बाळंतपणातच गेली होती. वडील बीडकडचे, बॉयलरवर कामाला. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून त्यालाही ठेवून घेतलं होतं. बाळू हसायचा नाही, रडायचाही नाही. कुणी घेतलं काय, ठेवलं काय, त्याला सारखंच. नजर छताला.

अनसूयाबाई त्याला मांडीवर घेऊन गप्पा मारायच्या. म्हशीच्या, शेताच्या, सुनेच्या. तो ऐकतोय असं धरून चालायच्या. असे बरेच महिने गेले.

एका दुपारी त्या पाणी आणायला बाहेर गेल्या आणि बाळूनं टाहो फोडला. मी उचलून घेतलं, थांबेना. दाराकडे हात करून रडत होता. अनसूयाबाई घागर टाकून धावत आल्या. त्यानं त्यांच्या मानेत तोंड लपवलं आणि गप्प झाला.

शिफ्ट सुटल्यावर वडील न्यायला आले. "लई तरास दिला का बाई?"

"दिला की," अनसूयाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "मी दिसंना म्हून रडला."

वडिलांनी टोपी काढली आणि ते उंबऱ्यावरच बसले.

"पुन्हा सांगा," म्हणाले.