हिरवा जळीत

कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही, आसारामचं तर मुळीच नाही. तो तलवाड्याकडच्या एका वस्तीवरचा. आई-बाप ऊसतोडीला जाणारे; दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचे. आसाराम त्यांच्याबरोबर गेला असता, तर आज कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असता. तो गेला नाही, कारण शेजारच्या छबुबाईनं त्याला ठेवून घेतलं.

"सरस्वते, पोरगं हुशार हाय. कावून साळा बुडवती त्येची? ऱ्हाऊ दे माज्याकडं," असं ती त्याच्या आईला म्हणाली, आणि पुढची सात वर्षं दर हंगामाला आसाराम तिच्या चुलीपुढं जेवला. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. पाटाच्या कडेला दीड एकर रान होतं, त्यात ती ऊस लावायची. आसाराम तिला मावशी म्हणायचा. तिनं या सगळ्याचा कधी उच्चारही केला नाही. उपकार बोलून दाखवणारी माणसं परवडतात. न बोलणाऱ्यांचं काय करायचं, ते कळत नाही.

बीए झाल्यावर तो कारखान्यात चिटबॉय म्हणून लागला. कुणाचा ऊस आज तुटणार त्याची चिठ्ठी शेतावर नेऊन द्यायची, हे काम. टायपिंग येतं म्हटल्यावर त्याला शेतकी विभागात कॉम्प्युटरपुढं बसवलं. नोकरी हंगामी. कायम करू, कायम करू, असं साहेब लोक सहा वर्षं म्हणत होते.

आता ज्यांनी ऊस लावला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कारखान्याकडं लागणीची तारीख नोंदवायची असते, आणि जो आधी लावेल त्याचा ऊस आधी तुटायचा असतो. कागदावर. प्रत्यक्षात यादी वरच्या साहेबांच्या टेबलावर जायची आणि परत यायची तेव्हा बड्यांची नावं वर सरकलेली असायची. गरिबाच्या उसाला तुरे येऊन कांडी आतून पोकळ झाली, की मग त्याच्याकडं तोडणाऱ्यांची टोळी जायची. एका वर्षी शेतकऱ्यांनी गेटला कुलूप ठोकलं. तेव्हा घाबरून संचालक मंडळानं जाहीर केलं की यंदापासून क्रम कॉम्प्युटर लावणार, माणसाचा हात लागणार नाही.

कॉम्प्युटर म्हणजे आसाराम. तो "करतो" म्हणाला खरा, पण त्याचं पायथन मोबाईलवरच्या व्हिडिओंपुरतं होतं. पहिलीच यादी अशी निघाली की कपाळाला हात लावावा. एक ऑक्टोबरला लागण केलेला वर आणि पंधरा जुलैवाला त्याच्या खाली.

टेलिग्रामवर मराठी प्रोग्रामरांचा एक ग्रुप होता. पुण्याचे, नागपूरचे, एकदोन दुबईचे. अडलेल्यानं आपला कोड टाकायचा, चूक दाखवायची, ज्याला येतं त्यानं सांगायचं. फी नाही, ओळख नाही, वशिला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर मिळणार नाही एवढा मान तिथं अनोळखी माणसाला मिळत होता. आसारामनं घाबरत घाबरत प्रश्न टाकला. दहा मिनिटांत सुकन्या नावाच्या मुलीचं उत्तर आलं. पुण्यातल्या कुठल्यातरी कंपनीत होती.

"दादा, तुमच्या तारखा प्रोग्रामला तारखा वाटतच नाहीयेत, नुसती अक्षरं वाटतायत. म्हणून तो आधी दिवसाचा आकडा बघतो, महिना नंतर. आधी त्यांना खरी तारीख करून घ्या, मग क्रम लावा." खाली एक ओळ दिली होती. एकच ओळ! ती घातली आणि अकरा हजार नावं नाकासमोर उभी राहिली.

दुसरी अडचण जळीत उसाची. विजेच्या तारा घासून म्हणा, कुणी मुद्दाम पेटवून म्हणा, ऊस जळतो. जळलेला ऊस दोन-तीन दिवसांत तुटला नाही तर रस आटतो, वजन जातं. म्हणून नियम असा की जळीत ऊस सगळ्यांच्या आधी तोडायचा आणि त्याबद्दल बिलात थोडी कपात करायची. हेही सुकन्यानंच सांगितलं: "दोन निकष द्या. आधी जळीत, त्यात ज्याची जळिताची नोंद आधी तो वर; मग बाकीचे लागणीच्या तारखेनं." मग तिनं विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय? आसारामनं सांगितलं. तिनं लिहिलं, "भारी काम करताय दादा. माझे आजोबा तिकडचेच, वडवणीचे. त्यांचा ऊस दरवर्षी शेवटी तुटायचा."

आसारामनं तो मेसेज किती वेळा वाचला, देव जाणे. यादी फलकावर लागली तेव्हा लोक बोट फिरवून फिरवून वाचत होते आणि कुणी भांडत नव्हतं. दीड एकरवाल्याच्या खाली पन्नास एकरवाला होता. आयुष्यात पहिल्यांदा आसारामला वाटलं, आपण कुणीतरी आहोत. ही यादी अशीच सरळ राहावी, एवढीच त्याची इच्छा होती. फार मोठी नव्हती. पण आपल्याकडं छोट्या इच्छांचंच जास्त वाटोळं होतं.

तीन आठवड्यांनी रविराज आला. अध्यक्षांचा पुतण्या, पद काही नाही, पण सगळ्या खुर्च्या त्याच्याच. हातात चौदा नावांची चिठ्ठी.

"ही वर घे."

"न्हाई येत घेता," आसाराम म्हणाला. "प्रोग्राम तारखेवर चालतो."

"मग तारखेच्या वर काय चालतं?"

आसारामनं गप्प बसायला हवं होतं. पण कोड आपला, अभिमान आपला. तो बोलून गेला. "जळीत."

रविराज हसला. "मग जळीत लिही की बे! कोण जातंय रानात बघायला? आन् तुझ्या कायमच्या ऑर्डरचं काकांच्या कानावर घातलंय मी. एवढ्या हंगामात होऊन जाईल."

आसारामनं चौदा हिरव्यागार उसांपुढं 'जळीत' लिहिलं. चौदा वेळा टाईप केलं, बस. फक्त चौदाच तर आहेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

गंमत पुढं आहे. त्या चौदांत राधाकिशन नावाचे एक बडे बागायतदार होते. आठ दिवसांनी ते बिलाची पावती नाचवत आले. "माझा ऊस हिरवागार गेलाय आन् तुमी जळिताची कपात लावता? चोर समजता का मला?" चोर कुणाला म्हणावं, हे तिथं कुणालाच सुचेना. शेवटी रविराज आसारामवर डाफरला, की हे सुद्धा तुला निस्तरता येत नाही का.

निस्तरता येत नव्हतं. मग आसाराम पुन्हा त्या ग्रुपवर गेला आणि पहिल्यांदा खोटं बोलला. काही शेतकऱ्यांची नोंद खास कारणानं जळितात घ्यावी लागते, पण त्यांना कपात लावायची नाही, कसं करू? सुकन्यानं यावेळीही उत्तर दिलं. नावं प्रोग्रामच्या आत लिहू नका दादा, वेगळ्या एक्सेलमध्ये ठेवा; प्रोग्राम ती वाचेल. म्हणजे उद्या नाव वाढवायचं झालं तर प्रोग्रामिंग न येणाऱ्यालासुद्धा वाढवता येईल, तुमची गरज पडणार नाही. शेवटी हसरा चेहरा.

सल्ला चोख होता. आसारामनं तसंच केलं आणि ती एक्सेल कुठं आहे ते रविराजला दाखवलं. रविराजनं त्याची पाठ थोपटली. त्यानंतर तो आसारामच्या टेबलाकडं फिरकला नाही, आणि आसारामला हायसं वाटलं. एक्सेल उघडून बघावी असं त्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर बघायचं नव्हतं.

जानेवारी संपत आला. छबुबाई ऑफिसच्या खिडकीशी आली. "आसाराम, माजा नंबर कदी रं लागंल? वरच्या रानाला तुरं आल्यात. कांडं हलकं लागायलंय हाताला."

आसारामनं यादी काढली. तारखेप्रमाणे तिचा नंबर डिसेंबरातच यायला हवा होता. अजून तीनशेच्या पुढं होता. रांग का सरकत नाही, हे बघायला वरची नावं वाचायला हवी होती; ती त्यानं वाचली नाहीत. सात वर्षं जिनं जेवू घातलं, तिला काय सांगणार? मग त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खिडकीतून हळूच म्हणाला, "मावशी, जळाला तर लगेच येतो नंबर. दुसऱ्या दिवशी टोळी. कपात होईल थोडी, पन वजन ऱ्हाईल."

"पेटवून देऊ म्हंतोस?"

"लई जन करतेत."

"हातानं लावलेला हाय रं." मग म्हणाली, "तू म्हंतोस तर बरंच आसंल."

त्याला वाटलं, आपण तिचे पांग फेडतोय. चौदांतले बहुतेक तुटून गेलेत, जळितात आता गर्दी नाही, आज ऊस पेटला की उद्या मावशी पहिली. आपला प्रोग्राम, आपला नियम. एवढं तर आपल्या हातात आहे. सोमवारी दुपारी, वारा पडल्यावर, शेजारपाजारच्यांना कडेनं उभं करून तिनं स्वतःच्या उसाला काडी लावली. आसारामनं त्याच संध्याकाळी नोंद केली आणि यादी काढली.

छबुबाई चव्वेचाळिसावी होती.

वरचे त्रेचाळीस सगळे जळीत. त्यानं एक्सेल उघडली. त्यानं दाखवल्यापासून रविराजनं साठ-सत्तर नावं भरली होती, पै-पाहुणे, कार्यकर्ते, जो तो. त्यातली त्रेचाळीस अजून तुटायची होती, त्यांची रानं मोठी, आणि टोळ्या मोजक्या. तो रविराजकडं धावला. "एक बाई हाय. खरंच जळालाय तिचा. एकच नाव वर घ्या."

"एकीला घेतलं तर बाकीचे न्हाई का म्हननार, मला कावून न्हाई?" रविराज मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "माणसाचा हात लावायचा न्हाई यादीला. ठराव हाय."

आसारामनं ग्रुपवर लिहिलं: खरा जळीत आणि खोटा जळीत प्रोग्रामला वेगळा ओळखायला कसा शिकवायचा? यावेळी चार जणांनी उत्तरं दिली. सुकन्याचं सर्वांत छोटं होतं. "दादा, माहितीच खोटी भरली असेल तर कोड काहीच करू शकत नाही. भरणाऱ्याला विचारा." त्यानं थँक्यू लिहिलं. पहिली चौदा नावं कुणी भरली, हे त्यानं तिला सांगितलं नाही. त्या ग्रुपवर तो परत गेला नाही.

अकराव्या दिवशी टोळी लागली. काळं ठिक्कर रान, कांड्या सुरकुतलेल्या, कापताना रस हाताला लागत नव्हता. आसारामची आई सरस्वतीबाई आता थकलेली, तरी कोयता घेऊन मदतीला गेली आणि संध्याकाळी काळ्या तोंडानं घरी आली. दीड एकरातून बैलगाडीच्या दोन खेपा कमी भराव्यात एवढं वजन गेलं होतं, वर कपात. हिरव्यांना कपात नव्हती. ती खऱ्या जळितालाच होती.

पावती घ्यायला छबुबाई ऑफिसात आली. आसारामनं ती शिव्या देईल म्हणून मनाची तयारी केली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तिनं पदराखालून गुळाचा खडा आणि शेंगदाण्याची पुडी काढून खिडकीत ठेवली.

"लई केलंस रं माज्यासाठी. तू नसतास तर आजून तीनशेच्या खालीच आस्ते मी." मग फलकाकडं मान वळवून हळहळली. "त्या फळीवरचं वाचून घेतलं मी एका पोरीकडून. यंदा त्रेचाळीस जनांचं जळालं म्हनं, माज्या आदी. आपलं येक दीड एकर, ते तर लई मोठे मोठे. घरादारांत काय हाल आसतील रं त्यांचे."

आत्ता बोलायचं, असं आसारामला वाटलं. मागं रविराज कुणाशी तरी हसत बोलत होता, आणि कायमची ऑर्डर त्याच आठवड्यात निघायची होती.

"हो मावशी," तो म्हणाला. "लई नुकसान झालं त्यांचं."