आधीचं राहू दे

एकाच टीममध्ये काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. चुकीच्या फोल्डरमध्ये झिप फाइल उघडावी तसे सगळीकडे पसरून बसतात! सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसातले निम्मे एकट्या मिलिंदचे. तो आमचा टीम लीड, मूळचा पुण्याचा, आणि भलताच हट्टी.

*

पुण्यात मिलिंदच्या आईचं विसरणं वाढायला लागलं, तेव्हा तिथला त्याचा भाऊ तिच्या आठवणी रेकॉर्ड करून झिपमधून पाठवू लागला. फाइलींची नावं दर वेळी तीच. आम्ही कमांड देऊन झिप उघडतो, ती कमांड न विचारता जुन्या फाइलवर नवी चढवायची. आईच्या शाळेची गोष्ट अशीच कायमची पुसली गेली, आणि आता ती शाळाच तिला आठवत नाही. मग मिलिंदने आम्हा सगळ्यांच्या मशीनवर डीफॉल्टच बदललं. त्याच नावाची फाइल असेल तर जुनी राहणार, नवी वेगळ्या नावाने शेजारी बसणार.

*

केतकी नवीन होती. तिने क्लायंटची झिप थेट डेस्कटॉपवर उघडली आणि अख्खी दुपार फाइली वेचत बसली. तेव्हापासून प्रत्येक झिप आपापल्या फोल्डरमध्ये उघडते. मिलिंद म्हणाला, "पाहुण्यांना आधी हॉलमध्ये बसवतात, डायरेक्ट बेडरूममध्ये नाही!"

*

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट असलं की ती जागा कुणीतरी धरलेली असते. भुकेपोटी केतकीने एक पाकीट हळूच सरकवलं. मिलिंदने ते होतं तिथे परत ठेवलं. "आधीचं राहू दे," म्हणाला. आमचा लक्सा, नूडल्सचं ते झणझणीत सूप, उभ्यानेच गार झाला.

*

पुढे मिलिंदचा लॅपटॉप भरला. केतकीने तपासलं तर आईची एकच गोष्ट कितीतरी फाइलींत होती: मावशीच्या लग्नात बँडवाले शेजारच्या मांडवात शिरले ती. तिने विचारलं, "सर, एक ठेवून बाकीच्या काढू का?"

"एकच नाहीये गं ती," मिलिंद म्हणाला. "एकीत आई मधेच हसते."

संध्याकाळी त्याने नवी डिस्क आणली.

*

परवा आम्ही जेवत असताना मिलिंदला आईचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला.

"अरे मिलिंद, तुझ्या मावशीच्या लग्नात ना, बँडवाले..." आई थांबली. "हे तुला आधी सांगितलंय का रे मी?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मिलिंदने चमचा खाली ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"नाही गं आई. सांग ना."