रिकाम्या कार्डाचं टपाल

१९९९ साली बीडला आमच्या दूध संघाच्या कचेरीत कॉम्प्युटर कळणारं एकच माणूस होतं, कावेरी. दिंद्रुडच्या किराणा दुकानदार विरुपाक्षअप्पांची लेक. नोकरी कंत्राटी, दर ऑक्टोबरअखेर साहेबांच्या सहीने वर्षभर वाढणारी. तिच्या टेबलाशेजारी युनिक्सवर चालणारा सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरची पेटी, असे आणि कुठला टँकर कधी कुठल्या गावाला जायचा, ते त्याच्याकडून सहा टेबलांवर दिसे. मी नाथा, वीस वर्षं नोकरीत मुरलेला कारकून. मला त्या पेटीचा राग होता, कारण तिच्यापायी माझं वळणदार अक्षर कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

खंडेनवमीला मात्र पेटीची पूजा झोकात झाली. मी मागची धूळ पुसून घेतली, कावेरीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर सर्व्हर चालू, पण सहाही टेबलांशी त्याचा अबोला. टँकरच्या याद्या पुन्हा हाताने लिहायची वेळ आली आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

औरंगाबादहून इंजिनियर आला. त्याने उभ्याउभ्या चार कळा दाबल्या, सर्व्हरला टेबलांशी जोडणारं नेटवर्क कार्ड जळालंय असं लिहून दिलं, नवीन यायला पंधरा दिवस लागतील म्हणाला आणि साहेबांकडे चहाला जाऊन बसला. साहेबांनी कावेरीला बोलावून ऐकवलं की मशीन सांभाळता येत नसेल तर कंत्राट वाढवायचं तरी कशाला. सहीला आठवडा उरला होता.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती ओढणी कमरेला खोचून स्क्रीनसमोर बसली. पेटीत कार्डं दोन होती. एक कामाचं, दुसरं पुढेमागे लागेल म्हणून नेटवर्कवरचा पत्ता देऊन नुसतंच बसवून ठेवलेलं. कुठल्या कार्डावर तारेतून किती निरोप आले, ते आकडे तिने काढले. पाच मिनिटांनी पुन्हा काढले. कामाच्या कार्डाचा आकडा जागचा हलला नव्हता. रिकाम्याचा वाढत होता.

"नाथाभाऊ, जळालेलं काई न्हाई," ती म्हणाली. "आपलं टपाल शेजारच्या घरात पडायलंय."

ती पेटीमागे वाकली. तिथे दोन कार्डांची सारखीच दोन भोकं होती आणि टेबलांकडे जाणारी तार भलत्याच भोकात होती. धूळ पुसताना तार मीच उपसली होती आणि दिसेल त्या भोकात परत खोचली होती. कावेरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, तार शेजारच्या भोकात बसवली आणि सहाही टेबलं सुरू झाली.

मी तिला हळूच सुचवलं, कार्ड जळाल्याचं इंजिनियरने लिहून दिलंच आहे, मशीन आपोआप सुधारलं म्हणून सांगू, आपण कशाला तोंड उघडायचं. तिने ऐकून घेतलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो, भीतीपोटीच.

"साहेब, कार्ड चांगलं हाय," ती म्हणाली. "पूजेच्या दिवशी तार चुकीच्या जागी बसली. मशीन माझ्या ताब्यात हाय, तवा चूक माझी."

आवाज जराही हलला नाही. इंजिनियर कपात बघत राहिला. साहेबांनी फायलीतून तिच्या कंत्राटाचा कागद काढला आणि काट मारायला पेन उघडलं.

मला माझीच लाज वाटली. वीस वर्षांत माझ्या हातून शाई सांडली तर मी दौतीला दोष दिला होता, यादी चुकली तर शिपायाला.

"तार मी खोचलीय, साहेब," मी म्हणालो. "या पोरीनं चूक शोधून काढलीय."

साहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, मग इंजिनियरकडे. त्या उघडलेल्या पेनाने कावेरीच्या कागदावर सही झाली. मेमो मला मिळाला, नोकरीतला पहिलाच. घरी गेल्यावर तो मी बायकोला, संगीताला, मोठ्याने वाचून दाखवला.